मोजणाऱ्याची मोजणी

वऱ्हाड निघून गेलंय. मांडवात खुर्च्या एकावर एक रचल्या आहेत आणि कोठीघराच्या दाराशी दोनच माणसं उरली आहेत : मुलीचे काका आणि कार्यालयाचा कोठीवाला. काकांच्या हातात काल सकाळी सही करून घेतलेली यादी आहे. ताटं २००, वाट्या ४००, पेले २००, पराती ६, ओगराळी ४. कोठीवाला भांडी मोजतो आणि शेवटी हिशेब सांगतो : "दोन वाट्या कमी. एक झारा जास्त, तो आचाऱ्याचा असेल. आणि ही परात आमची नाही, आमच्या परातीवर नाव कोरलेलं असतं." काका मुकाट्याने अनामत रकमेतून पैसे कापून देतात.

काकांनी भांडी स्वतः पुन्हा मोजली असती, तर भांड्यांची खात्री झाली असती. पण कोठीवाल्याला मोजता येतं का, हा प्रश्न निराळा. त्यासाठी थोडी लबाडी करावी लागते. कोठी पूर्ण भरलेली आहे हे आधी पाहून घ्यायचं, तीन वाट्या गुपचूप पिशवीत टाकायच्या आणि मग त्याला मोजायला सांगायचं. "तीन कमी" म्हणाला तर ठीक. "सगळं बरोबर" म्हणाला तर तो मोजतच नाही. "पाच कमी" म्हणाला तर त्याहून वाईट, कारण पैसे आपलेच जातात.

संगणकावर आपण असाच एक कोठीवाला वापरतो. लॅपटॉपवर फोटोंचं फोल्डर आहे, त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आहे. जागा कमी पडते म्हणून लॅपटॉपवरचे फोटो काढून टाकायचे आहेत. त्याआधी दोन्ही फोल्डर जुळतात का, हे एखाद्या तुलनेच्या प्रोग्रॅमला विचारायचं. तो क्षणात सांगतो : सगळं सारखं. या उत्तरावर आपण दहा वर्षांचे फोटो पुसायला तयार होतो. असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्याची परीक्षा कशी घ्यावी, आणि ती घेण्याच्या अनेक पद्धतींतून नेमकी कोणती निवडावी, ते आता पाहू.

चार ढीग आणि एक अडगळ

फोल्डरलाच तांत्रिक भाषेत डिरेक्टरी म्हणतात. दोन डिरेक्टऱ्यांची तुलना म्हणजे मुळात वस्तूंचे ढीग करणं. फक्त डावीकडे असलेल्या फाइली, फक्त उजवीकडे असलेल्या, दोन्हीकडे असलेल्या आणि तंतोतंत सारख्या, आणि दोन्हीकडे असूनही आतून वेगळ्या. हे झाले चार ढीग. पाचवी जागा अडगळीची. नाव तेच, पण डावीकडे ती फाइल आहे आणि उजवीकडे त्याच नावाचं फोल्डर. किंवा फाइल दिसते, पण उघडायची परवानगी नाही. पायथन या संगणकभाषेत तुलनेसाठी तयार मिळणाऱ्या ‘फाइलकम्प’ नावाच्या साधनसंचात अशा प्रकरणांना सरळ ‘फनी’, म्हणजे विचित्र, असंच नाव दिलेलं आहे.

ढीग झाले की ते कुणाला तरी सांगायचे. हे सांगणं म्हणजे अहवाल. समजा, ‘जुने’ आणि ‘नवे’ अशी दोन फोल्डर आहेत. अहवाल साधारण असा दिसेल :

तुलना : जुने, नवे
फक्त ‘जुने’मध्ये : आजी
फक्त ‘नवे’मध्ये : बारसं
सारख्या फाइली : मुंज
वेगळ्या फाइली : लग्न

या कामाला मोठी परंपरा आहे. युनिक्स प्रणालीतली ‘डिफ’ ही आज्ञा १९७४मध्ये आली. बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी ती लिहिली, आणि १९७६मध्ये जेम्स हंट यांच्याबरोबर तिच्यामागची रीत एका तांत्रिक अहवालात मांडली. आजही लिनक्सवर डिफला दोन फोल्डर दिले, की ‘हे फक्त इथे’, ‘या दोन वेगळ्या’ अशा ओळी ती छापते. पायथनच्या फाइलकम्पमध्ये ‘डिरकम्प’ नावाचा घटक हेच काम करतो. तो तीन खोलींचे अहवाल देतो : फक्त वरवरच्या पातळीचा, एक पायरी खालच्या फोल्डरांपर्यंतचा आणि तळापर्यंतचा.

आता परीक्षा कसली घ्यायची? इथे दोन कामं एकमेकांत मिसळलेली आहेत. ढीग बरोबर लावणं हे एक, आणि लावलेले ढीग नीट सांगणं हे दुसरं. कोठीवाल्याने अचूक मोजलं, पण सांगताना वाट्या आणि पेले यांची अदलाबदल केली, तर चूक मोजण्यात नाही, बोलण्यात आहे. पुढचे बहुतेक निर्णय या एका भेदावर उभे आहेत.

खोटी कोठी

प्रोग्रॅमचा एखादा छोटा, सुटा भाग घ्यायचा, त्याला ठरलेलं साहित्य द्यायचं आणि अपेक्षित उत्तर येतं का ते दुसऱ्या एका लहान प्रोग्रॅमकडूनच तपासून घ्यायचं, याला युनिट टेस्ट म्हणतात. आपण तिला चाचणी म्हणू. केंट बेक यांनी १९९४मध्ये स्मॉलटॉक या भाषेसाठी अशा चाचण्यांची एक घडी बसवली. १९९७मध्ये त्यांनी आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बसून तीच घडी जावा भाषेत आणली. पायथनमध्ये ती २००१च्या २.१ या आवृत्तीपासून मिळते.

चाचणीचे टप्पे तीनच : मांडा, चालवा, ताडा. आपल्या उदाहरणात मांडणं म्हणजे खोटी कोठी उभारणं. चाचणीने एक तात्पुरतं फोल्डर तयार करायचं आणि त्यात ‘जुने’ व ‘नवे’ ही दोन पोटफोल्डरं करायची. ‘आजी’ ही फाइल फक्त जुन्यात टाकायची, ‘बारसं’ फक्त नव्यात. ‘मुंज’ दोन्हींत, आतला मजकूर एकच. ‘लग्न’ही दोन्हींत, पण एकीत ‘५ मे’ आणि दुसरीत ‘६ मे’. मग तुलना चालवायची आणि चार ढिगांत चार नावं जागच्या जागी पडली का ते ताडायचं. शेवटी तात्पुरतं फोल्डर पुसून टाकायचं. पायथनमध्ये असं फोल्डर काम संपताच आपोआप नाहीसं होण्याची सोय आहे.

इथेच पहिली निवड येते. खरं फोल्डर बनवायचं, की प्रोग्रॅमला फसवणारी काल्पनिक डिस्क द्यायची? मायकल फेदर्स यांनी २००५मध्ये युनिट टेस्टचे काही कडक नियम मांडले होते. डिस्कला हात लावणारी चाचणी ही युनिट टेस्टच नव्हे, असं त्यांतला एक नियम सांगतो. त्यामागचं कारण रास्त आहे : डिस्क मंद असते, आणि चाचण्या मंद झाल्या की माणसं त्या चालवायचं टाळतात. पण आपला विषयच डिस्क आहे. पोहण्याची परीक्षा कोरड्या हौदात घेता येत नाही. काल्पनिक डिस्कवर तारखा, परवानग्या आणि नावांच्या खोड्या आपण कल्पिल्या तेवढ्याच असतात, आणि खरी गडबड बहुधा न कल्पिलेल्या खोडीतून होते. चार-पाच चिमुकल्या फाइली खऱ्या डिस्कवर लिहायला काही हजारांश सेकंद पुरतात. म्हणून इथे खरं फोल्डरच बरं. नियमाचा मान दुसरीकडे राखता येतो : अहवालाचा मजकूर तयार करणारा भाग वेगळा काढला, तर त्याच्या चाचण्यांना डिस्कची गरजच लागत नाही.

लहरी चाचणीचं गूढ

वर सांगितलेली चाचणी लिहून पाहिली तर एक गंमत होते. ती कधी पास होते, कधी नापास. प्रोग्रॅम तोच, चाचणी तीच. नापास होते तेव्हा तक्रार एकच असते : ‘लग्न’ ही फाइल वेगळ्यांच्या ढिगात हवी होती, ती सारख्यांच्या ढिगात सापडली. पाच मे आणि सहा मे सारखे कसे झाले?

याचं उत्तर प्रोग्रॅमच्या एका काटकसरीत आहे. दोन फाइली सारख्या आहेत का, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दोन्ही पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचणं. फोटोंच्या मोठ्या संग्रहात याला तास लागतील. म्हणून पायथनचं फाइलकम्प, वेगळं सांगितलं नाही तर, आधी फाइलीची वरची चिठ्ठी पाहतं. तिच्यावर तीन गोष्टी असतात : फाइलीचा प्रकार, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ. तिन्ही जुळल्या तर ते फाइल न उघडताच ‘सारखी’ म्हणतं. आकार वेगळा असेल तर न उघडताच ‘वेगळी’ म्हणतं. आकार तोच पण वेळ वेगळी असेल, तेव्हाच आतला मजकूर वाचतं. प्रती घेण्यासाठी वापरला जाणारा ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅमही मुळात आकार आणि वेळ पाहूनच फाइल वगळायची की नाही ते ठरवतो. किराणा दुकानातला अनुभवी माणूस पोत्यावरचा शिक्का आणि वजन पाहून पोतं आत घेतो, दरवेळी धान्य ओतून पाहत नाही, तसंच हे.

आता आपली चाचणी पाहा. ‘५ मे’ आणि ‘६ मे’ यांचा आकार अगदी एक. दोन्ही फाइली चाचणीने एकामागोमाग एक, डोळ्याचं पातं लवायच्या आत लिहिल्या. अनेक डिस्कप्रणाली वेळ नॅनोसेकंदांत लिहितात खऱ्या, पण ज्या घड्याळातून ती वेळ घेतली जाते, त्याचा काटा काही हजारांश सेकंदांनी पुढे सरकतो. दोन्ही फाइली एकाच टिकटिकीत लिहिल्या गेल्या तर चिठ्ठ्या तंतोतंत जुळतात, आणि प्रोग्रॅम फाइल न उघडता ‘सारखी’ म्हणून मोकळा होतो. मध्ये काटा सरकला असेल तर वेळ वेगळी पडते, मजकूर वाचला जातो आणि फरक सापडतो. चाचणीची लहर ती हीच.

यावर दोन फाइलींच्या मध्ये सेकंदभर थांबण्याचा उपाय काही जण करतात. तो टाकाऊ आहे. पेनड्राइव्हवर सर्रास आढळणाऱ्या फॅट या जुन्या प्रणालीत बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच लिहिली जाते. तिथे सेकंदाने काम भागत नाही, आणि थांबण्याने सगळ्या चाचण्या मात्र रेंगाळतात. नेमका उपाय असा : वेळ नशिबावर सोडायची नाही, चाचणीनेच ती फाइलीवर लिहायची. पायथनमध्ये एका आज्ञेत हे होतं. मग दोन वेगळ्या चाचण्या करायच्या. एकीत दोन्ही फाइलींच्या वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवायच्या आणि फरक पकडला जातो हे पाहायचं. दुसरीत वेळा मुद्दाम सारख्या ठेवायच्या आणि वरवरची तपासणी इथे फसते, हे उघड नोंदवून ठेवायचं.

फसणारी गोष्ट चाचणीत कशाला नोंदवायची, असं वाटेल. पण हा प्रोग्रॅमच्या वचनाचा भाग आहे. "घाईची तपासणी मागितलीत तर मी चिठ्ठीवर विश्वास ठेवीन", असं त्याने कबूल केलं आहे. कुणी पुढे ही रीत नकळत बदलली तर चाचणीने ओरडायला हवं. आणि सावध तपासणी हवी असेल, तर तीही मागता आली पाहिजे. सुट्या फाइलींच्या तुलनेत ही सोय पायथनमध्ये फार पूर्वीपासून होती, पण पूर्ण फोल्डरांच्या डिरकम्पला ती २०२४च्या ३.१३ या आवृत्तीत मिळाली.

बोललेलं कसं तपासायचं?

ढिगांची परीक्षा झाली. आता बोलण्याची. डिरकम्पचा अहवाल थेट पडद्यावर छापला जातो, हातात काही देत नाही. कोठीवाला हिशेब हवेत बोलून मोकळा होतो, कागद देत नाही, तसं. म्हणून आधी तोंडापुढे ध्वनिमुद्रक धरावा लागतो. चाचणीपुरता पडद्याकडे जाणारा मजकूर वळवून एका डब्यात साठवायचा आणि मग वाचायचा. पायथनमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. स्वतःचा प्रोग्रॅम लिहीत असाल तर त्याहून सरळ वाट आहे : अहवाल कुठे लिहायचा, ते बाहेरून सांगता येईल अशी सोय मुळातच ठेवा. रोजच्या वापरात पडदा द्या, चाचणीत डबा.

डब्यातला मजकूर ताडण्याच्या चार पद्धती आहेत.

पहिली : मजकुराकडे न पाहता ढीगच विचारायचे. ‘फक्त डावीकडे काय आहे?’ असं डिरकम्पला थेट विचारता येतं आणि तो नावांची यादी देतो. ही चाचणी सगळ्यांत टिकाऊ. उद्या अहवालातली वाक्यं बदलली तरी ती ढळत नाही. पण छापताना डावं-उजवं उलटं झालं तर ते हिला कळत नाही.

दुसरी : शब्दन् शब्द जुळवायचा. अपेक्षित अहवाल चाचणीतच ओळीओळीने लिहून ठेवायचा. ही कडक आहे. एक स्वल्पविराम हलला तरी पकडते, आणि नेमका तोच तिचा जाच. अशा पन्नास चाचण्या लिहिल्या आणि मथळा बदलायची वेळ आली, तर पन्नास ठिकाणी दुरुस्ती.

तिसरी : नमुना ठेवायचा. अहवाल एकदा छापून, डोळ्यांनी तपासून, फाइलीत जपून ठेवायचा आणि पुढचा प्रत्येक अहवाल त्याच्याशी ताडायचा. शिंप्याकडे जुना सदरा नेऊन "याच मापाचा शिवा" म्हणण्यासारखं हे आहे. सोपं, झटपट. पण जुन्या सदऱ्याची बाही आखूड असेल तर नवाही आखूडच होईल. शिवाय फरक दिसला की नमुना एका आज्ञेत नवा करून घेता येतो, आणि दिवस मावळताना माणूस तो फरक न वाचताच नवा करून टाकतो. मग चाचणी चुकीचीच राखण करत बसते.

चौथी : मोजक्या खुणा शोधायच्या. अहवालात ‘आजी’ हा शब्द आहे ना, मग झालं. ही फार सैल. ‘आजी’ चुकून ‘सारख्या फाइली’च्या ओळीत छापली गेली तरी शब्द सापडतोच. खूण शोधायचीच तर पूर्ण ओळ शोधावी.

निवड कशावरून करायची?

एक प्रश्न विचारावा : हा अहवाल कोण वाचणार?

माणूस वाचणार असेल, तर आपण त्याला वचन देतो ते अर्थाचं. शब्द उद्या सुधारले तरी तो रागावणार नाही. अशा वेळी बहुतेक चाचण्या ढिगांवर लिहाव्यात. मजकुरासाठी प्रत्येक प्रकारच्या अहवालामागे एक-दोन शब्दशः चाचण्या पुरतात. ओळींचा क्रम, मथळे, आणि ढीग रिकामा असेल तर त्याची ओळ छापायची की नाही, एवढं त्या सांभाळतात.

दुसरा प्रोग्रॅम वाचणार असेल, तर एकेक अक्षर वचनाचं. डिफचा इतिहास याची साक्ष देतो. लॅरी वॉल यांनी १९८५मध्ये ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो डिफने छापलेला फरक वाचून फाइलीत त्याप्रमाणे बदल करतो. त्यानंतर डिफच्या ओळींची ठेवण मनाला येईल तशी बदलणं शक्यच नव्हतं. डिफ आणखी एक गोष्ट सांगते, जी पडद्यावर दिसत नाही : संपताना ती एक अंक मागे ठेवते. काही फरक नसेल तर ०, फरक असेल तर १, काम करतानाच अडचण आली तर २. दुसरे प्रोग्रॅम हा अंक पाहून पुढचं ठरवतात. म्हणजे अंकाचीही चाचणी हवी, आणि १ व २ यांच्यात गल्लत होत नाही याची तर आवर्जून. ‘वाट्या कमी आहेत’ आणि ‘कोठीची किल्लीच सापडत नाही’ या दोन फार वेगळ्या बातम्या आहेत.

पायथन घडवणाऱ्यांनी स्वतःच्या चाचण्यांत दोन्ही वाटा धरल्या आहेत. तिथे ढिगांच्या याद्या थेट ताडल्या जातात, आणि अहवाल डब्यात पकडून, ओळींत तोडून, अपेक्षित ओळींशीही जुळवला जातो. मात्र त्या अपेक्षित ओळींत तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता हाताने लिहिलेला नसतो, चाचणी चालतानाच तो भरला जातो. ही छोटी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तो पत्ता दरवेळी नवा असू शकतो.

माझ्या संगणकावर तर पास झाली होती

शब्दशः चाचण्यांना पछाडणाऱ्या अशा बदलत्या गोष्टी बऱ्याच आहेत. फोल्डरातली नावं कोणत्या क्रमाने मिळतील, याची पायथन हमी देत नाही. डिस्क देईल तो क्रम. म्हणून छापण्याआधी नावं क्रमाने लावणं हे प्रोग्रॅमचं काम आहे, आणि डिरकम्प ते करतो. चाचणीतल्या फाइलीही मुद्दाम उलट्यासुलट्या क्रमाने तयार कराव्यात, म्हणजे क्रम लावला जातो की नशिबाने लागतो, ते कळतं.

विंडोजवर पत्त्यात उलटी तिरकी रेघ, लिनक्सवर सुलटी. विंडोजवर ‘ए’ हे रोमन अक्षर मोठं लिहा किंवा लहान, फाइल सहसा तीच समजतात. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. लिनक्सवरची डिफ तर संगणकाच्या भाषेप्रमाणे आपली वाक्यंही बदलते. इंग्रजी वाक्य गृहीत धरून लिहिलेली चाचणी जर्मन मांडणीच्या संगणकावर कोसळते. म्हणून ती चालवण्याआधी भाषा पक्की करून घ्यावी लागते.

परवानगीची खोड सगळ्यांत फसवी. न उघडणारी फाइल अडगळीत पडते का हे पाहायला चाचणी एका फाइलीची वाचण्याची परवानगी काढून घेते. पण लिनक्सवर चाचणी सर्वाधिकारी खात्यातून चालत असेल, तर त्या खात्याला परवानगीची गरजच नसते. फाइल बिनबोभाट उघडते आणि चाचणी नापास होते. अशा खात्यात ही चाचणी वगळावी, आणि वगळली हे स्पष्ट छापावं.

या लेखाच्या मथळ्यातला ‘ऱ’

मराठी नावांच्या फाइली असतील तर एक खास आपला सापळा आहे. ‘मोजणाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ या शब्दांतला ‘ऱ’ पाहा. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्याच्यासाठी एक स्वतंत्र क्रमांक आहे. पण तोच ‘ऱ’ साधा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता असे दोन क्रमांक जोडूनही लिहिता येतो. युनिकोडच्या नियमाने ही दोन्ही रूपं समान मानायची. पडद्यावर ती एकसारखीच दिसतात.

डिस्कवर मात्र गोष्ट वेगळी. लिनक्स साधारणपणे फाइलीचं नाव म्हणजे क्रमांकांची माळ एवढंच जाणतं. तिथे ‘दुसऱ्या सहामाहीचा निकाल’ या एकाच नावाच्या दोन फाइली शेजारीशेजारी नांदू शकतात. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस प्रणालीची रीत तर नाव साठवतानाच अक्षरं सुटी करण्याची होती. अशा डिस्कवरून आलेल्या प्रतीची तुलना केली, तर अहवाल म्हणेल : ‘दुसऱ्या सहामाहीचा निकाल’ फक्त डावीकडे, आणि ‘दुसऱ्या सहामाहीचा निकाल’ फक्त उजवीकडे. वाचणारा डोळे चोळत बसेल.

प्रोग्रॅमने यावर काय करावं, हे पुन्हा वचनावर ठरतं. दोन्ही रूपं एक मानायची असतील तर तुलनेआधी नावं एका साच्यात आणावी लागतील. क्रमांकांशी प्रामाणिक राहायचं असेल तर ती वेगळीच दाखवावी लागतील. काहीही ठरवा, पण ते एका चाचणीत लिहून ठेवा. चाचणी लिहिताना दोन्ही ‘ऱ’ कळफलकावरून टंकू नका, क्रमांकांनी लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी ती वाचणाऱ्याला दोन्हीकडे एकच नाव दिसेल आणि तो चाचणी चुकीची समजून पुसून टाकेल.

चाचणीचीही चाचणी

सगळ्या चाचण्या पास झाल्या. आता शेवटची शंका : त्या खरंच काही पाहतात का? ध्वनिमुद्रक चालूच केला नव्हता, असंही घडतं. दोन्ही बाजूंना रिकामं फोल्डर, अहवाल रिकामा, अपेक्षाही रिकामी, आणि चाचणी थाटात पास.

इथे तीन वाट्या लपवण्याची युक्ती उलटी चालवायची. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चूक करायची. डावी-उजवी अदलाबदल करा, आकाराची तपासणी काढून टाका, नावं क्रमाने लावणारी ओळ पुसा. दरवेळी निदान एक चाचणी नापास झालीच पाहिजे. झाली नाही, तर त्या ओळीवर पहारा नाही. रिचर्ड लिप्टन यांनी विद्यार्थिदशेत, १९७१मध्ये, ही कल्पना सुचवली होती. १९७८मध्ये त्यांनी डिमिलो आणि सेवर्ड यांच्यासह ती सविस्तर मांडली. अशा चुका आपोआप पेरून पाहणारी साधनंही आता मिळतात. पण छोट्या प्रोग्रॅमसाठी हातच पुरे.

चौकट : थोडक्यात

• ढीग लावणं आणि ते सांगणं वेगळं करा. बहुतेक चाचण्या ढिगांवर, मोजक्या मजकुरावर.
• खोटी कोठी खऱ्या, तात्पुरत्या फोल्डरात उभारा.
• फाइलींच्या वेळा नशिबावर सोडू नका, चाचणीतच ठरवा.
• अहवाल माणूस वाचणार की प्रोग्रॅम, यावरून मजकूर किती कडक तपासायचा ते ठरवा.
• नमुना ठेवलात तर तो नवा करण्याआधी फरक वाचा.
• ही प्रकरणं विसरू नका : दोन्ही रिकामी फोल्डर, आकार सारखा पण मजकूर वेगळा, एकाच नावाची फाइल आणि फोल्डर, न उघडणारी फाइल, खोल पोटफोल्डरातला फरक, दोन रूपांतला ‘ऱ’.
• प्रोग्रॅम मुद्दाम मोडून पाहा. चाचणी ओरडली पाहिजे.

प्रोग्रॅम लिहिणं हा आपला उद्योग नसला, तरी यातली एक युक्ती घरी वापरता येते. पेनड्राइव्हवर प्रत घेतलीत आणि तुलनेचा प्रोग्रॅम ‘सगळं सारखं’ म्हणाला, की लगेच लॅपटॉपवरचं पुसू नका. प्रतीतली एक फाइल क्षणभर दुसरीकडे हलवा. नंतर एक साधी मजकुराची फाइल दोन्ही फोल्डरांत ठेवा आणि प्रतीत तिचं एकच अक्षर बदला, लांबी तीच राहील असं. मग पुन्हा तुलना करा. दोन्ही गोष्टी अहवालात आल्या, तर हलवलेली फाइल जागेवर ठेवा, ती मजकुराची फाइल दोन्हीकडून काढा आणि पुढचं काम करा. एखादी आली नाही, तर फोटो आहेत तिथेच राहू द्या. कोठीवाला बदलायची वेळ आली आहे.